हृदयाचा उसना ताल

नाडी हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे. कोणी आजारी पडले की पूर्वीचा वैद्य प्रथम रोग्याचे मनगट हाती घेई आणि काही क्षण स्तब्ध राही. त्या वेळी घरातील सर्वांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर खिळलेले असत. आज वैद्याची जागा डॉक्टरांनी घेतली आहे व बोटांचे काम बव्हंशी यंत्रे करू लागली आहेत. तथापि नाडी चालते तोवर जीव आहे, ही आपली समजूत अद्याप तशीच आहे आणि मुळात ती खरीही आहे.

म्हणूनच मंदावलेल्या नाडीच्या वडिलांना किंवा आईला ‘पेसमेकर’ बसवावा लागेल असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा उठतो. आता त्यांचे हृदय स्वतःहून चालणारच नाही काय? यंत्र बंद पडले तर? ह्या वयात एवढा खर्च करावा काय? हे प्रश्न रास्त आहेत. दुर्दैवाने त्यांची उत्तरे पुष्कळदा शेजारपाजारच्या ऐकीव गोष्टींतून शोधली जातात. कोणी म्हणतो, पेसमेकर बसला की माणूस अर्धा मेलाच. तर कोणी म्हणतो, आता हृदयविकाराची भीतीच उरली नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत. हृदयाच्या खालच्या कप्प्याला यंत्राने ठोका देतात म्हणजे काय करतात, त्याचा लाभ कोणता, हानी कोणती आणि ती टाळण्यास आज कोणते उपाय आहेत, हे वाचकांपुढे सरळपणे ठेवण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हृदयातील वीज

हृदय हा मुठीएवढा स्नायूंचा पंप होय. त्याला चार कप्पे असतात. वरच्या दोघांना अलिंद म्हणतात, खालच्या दोघांना निलय. अलिंद रक्त गोळा करून निलयांत लोटतात. उजवा निलय ते फुप्फुसांकडे पाठवितो व डावा निलय साऱ्या शरीरास पुरवितो. खरा कष्टाचा भार निलयांवर, त्यातही डाव्या निलयावर असतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला हे काम एक लाखाहून अधिक वेळा होते.

ह्या ठोक्यांची आज्ञा मेंदूतून येत नाही. मेंदू व मज्जातंतू ठोक्यांचा वेग कमीजास्त करतात, एवढेच. मूळ आज्ञा हृदयातच निघते. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. १९०७ साली कीथ व फ्लॅक ह्या ब्रिटिश संशोधकांनी तो दाखवून दिला. तेथे विजेची सूक्ष्म लहर निर्माण होऊन ती दोन्ही अलिंदांवर पसरते व अलिंद आकुंचन पावतात. मग ती लहर अलिंद व निलय ह्यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीपाशी येते. तावारा ह्या जपानी संशोधकाने १९०६ साली तिचे वर्णन केले. येथे लहर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी रेंगाळते. हा विलंब सहेतुक आहे. अलिंदांतील रक्त निलयांत पुरते उतरावे म्हणून निसर्गाने ही सवड ठेविली आहे. तेथून लहर तंतूंच्या एका जुडीत शिरते. १८९३ साली विल्हेल्म हिस ह्यांनी ती शोधून काढली, म्हणून तिला हिसची जुडी असे नाव पडले. पुढे तिच्या उजवी व डावी अशा शाखा होतात आणि शेवटी पुर्किंजे तंतूंच्या जाळ्यातून लहर निलयांच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते.

हे तंतू इतके वेगवान आहेत की, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत दोन्ही निलय जवळजवळ एकाच क्षणी जागे होतात. नौकेतील सर्व वल्हेकरी एकदमच वल्हे मारतात तेव्हा नौका सपकन पुढे सरते. तसेच हे आहे. हा एकोपा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारे विवेचन त्याच्याभोवतीच फिरते.

वाट तुटते तेव्हा

वाढत्या वयाने ह्या तंतूंत कठीणपणा येतो. कधी हृदयविकाराच्या झटक्यामुळे, कधी शस्त्रक्रियेमुळे, तर कधी जन्मतःच दोष असल्यामुळे अलिंद व निलय ह्यांमधील ही वाट तुटते. वरून आज्ञा सुटते, पण ती खाली पोहोचत नाही. अशा वेळी निलय आपल्या बळावर मिनिटाला ३०-४० ठोके कसेबसे देत राहतो. तेवढ्या रक्तावर मेंदूचे भागत नाही. माणसाला भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चार पावले चालताच धाप लागते. निलय काही सेकंद पुरताच थांबला तर माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि ठोके पुन्हा सुरू होताच शुद्धीवर येतो. डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स ह्यांनी १८२७ साली व विल्यम स्टोक्स ह्यांनी १८४६ साली अशा रोग्यांचे वर्णन केले. म्हणून ह्या झटक्यांना त्यांची नावे मिळाली आहेत. पेसमेकर नव्हता त्या काळी असे झटके येणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे रोगी वर्षभरात दगावत.

येथे एक घरगुती धोका आम्ही निदर्शनास आणू इच्छितो. म्हातारा माणूस चक्कर येऊन पडला की, ‘वय झाले, उपास सोसला नाही, उन्हात गेले होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. कधी हातपाय झटकलेले पाहून फेफरे समजतो. अशा वेळी घड्याळ पुढे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती ४० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व हृदयालेख, म्हणजे ईसीजी काढून घ्यावा. नाडी ठीक भरली, तरीही अवचित शुद्ध हरपण्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानी घातल्याशिवाय राहू नये, कारण वाट कधी तुटते, कधी जुळते.

आणखी एक गोंधळ आहे तो शब्दाचा. ‘हृदयात ब्लॉक आहे’ असे डॉक्टर दोन निरनिराळ्या रोगांविषयी बोलतात. एक ब्लॉक हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत असतो. तेथे नळी तुंबलेली असते व उपाय म्हणून स्टेंट बसवितात किंवा बायपास करतात. दुसरा ब्लॉक विजेच्या वाटेत असतो व त्यावर उपाय पेसमेकर. एकासाठी नळाचा कारागीर हवा, दुसऱ्यासाठी विजेचा. म्हणून पेसमेकर बसविल्याने तुंबलेली रोहिणी मोकळी होत नाही, आणि हृदयविकाराचा झटका त्याने टळतोच असेही नाही. आपल्या माणसाला कोणता ब्लॉक आहे, हे कुटुंबीयांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

यंत्राचा जन्म

विजेने निलयाला ठोका देता येतो, हे शरीरशास्त्रज्ञांना प्राण्यांवरील प्रयोगांतून पूर्वीपासून ठाऊक होते. १९२८ साली सिडनी येथे मार्क लिडविल ह्या डॉक्टरांनी, जन्मतःच हृदय थांबलेल्या एका अर्भकाच्या निलयात सुई खुपसून विजेचे ठोके दिले आणि ते बालक वाचले. १९५२ साली बॉस्टनचे पॉल झोल ह्यांनी छातीच्या कातडीवर पट्ट्या लावून बाहेरूनच ठोके देण्याची रीत काढली. एका रोग्याला त्यांनी ५२ तास असे जगविले. परंतु त्या विजेच्या धक्क्यांनी रोग्यास वेदना होत, कातडी भाजे, आणि यंत्राची तार भिंतीतील विजेस जोडलेली असल्याने रोगी जणू भिंतीलाच बांधलेला असे.

१९५७ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात वीज गेली. तेथील शस्त्रवैद्य लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयाची छिद्रे बुजवीत असत, आणि त्या शस्त्रक्रियेत विजेची वाट दुखावलेल्या बालकांना भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या पेसमेकरचा आधार असे. असल्या परावलंबी यंत्राचा धोका त्या दिवशी उघड झाला. त्यांनी अर्ल बॅकन नावाच्या दुरुस्ती-कारागिराकडे बॅटरीवरील यंत्र मागितले. बॅकन ह्यांना एका मासिकात छापलेला मेट्रोनोमचा, म्हणजे वादकांसाठी ताल धरणाऱ्या यंत्राचा आराखडा आठवला. त्यावरून त्यांनी थोड्याच आठवड्यांत ट्रान्झिस्टरचा एक लहान डबा तयार केला. रोगी तो अंगावर बाळगून हिंडूफिरू शके.

पुढची पायरी स्टॉकहोममध्ये चढली गेली. आर्ने लार्सन हे ४३ वर्षांचे गृहस्थ हृदयाच्या ब्लॉकने अंथरुणास खिळले होते आणि दिवसातून अनेकदा त्यांची शुद्ध जाई. त्यांच्या पत्नीने शस्त्रवैद्य ऑके सेनिंग व अभियंता रूने एल्मक्विस्ट ह्यांच्यामागे लकडा लावला. शरीरात बसविण्याजोगे यंत्र अजून तयार नाही, हे उत्तर तिने मानले नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सन ह्यांची छाती उघडून हृदयाच्या स्नायूला तारा शिवल्या व यंत्र कातडीखाली ठेविले. ते अवघे काही तास चालले! दुसरे बसविले, तेही फार टिकले नाही. पण लार्सन टिकले. पुढे आयुष्यभरात त्यांना एकंदर २६ पेसमेकर लागले. ते २००१ साली, ८६ वर्षांचे होऊन निराळ्याच रोगाने वारले. तोवर त्यांना जगविणारे सेनिंग व एल्मक्विस्ट हे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले होते.

त्याच १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन ह्यांनी छाती न उघडता, शिरेतून तार सरकवीत नेऊन उजव्या निलयाच्या आतल्या भिंतीला टेकविली. ह्या रीतीने त्यांनी एका रोग्याच्या हृदयाला ९६ दिवस ताल दिला. आजची पद्धत मुख्यतः ह्याच वाटेने आली आहे. १९६० साली विल्सन ग्रेटबॅच ह्या अभियंत्याने केलेले यंत्र शस्त्रवैद्य चार्डॅक ह्यांनी बफेलो येथे रोग्यांच्या शरीरात बसविले. १९७२ पासून लिथियमची बॅटरी आल्यावर यंत्राचे आयुष्य वर्षा-दोन वर्षांवरून पुष्कळच वाढले.

आजची रीत

आज बहुतेक रोग्यांस संपूर्ण भूल द्यावी लागत नाही. गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळची जागा, बहुधा डावीकडची, बधिर करून लहानसा छेद घेतात. तेथल्या शिरेतून इन्सुलेशन असलेली बारीक तार क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत उजव्या निलयात नेतात, आणि टोकाच्या स्क्रूने किंवा आकड्यांनी ती आतल्या भिंतीत रुतवितात. मग कमीतकमी किती व्होल्टला हृदय ठोका देते, हे तपासतात. जागा चांगली साधली तर एका व्होल्टच्या आतच काम भागते. यंत्राला मात्र ह्याहून बरीच अधिक शक्ती नेमून देतात, म्हणजे एकही ठोका चुकू नये. हृदयाचा स्वतःचा ठोका यंत्राला नीट ऐकू येतो की नाही, हेही पाहतात. शेवटी २०-३० ग्रॅम वजनाचे यंत्र कातडीखालच्या खिशात ठेवून टाके घालतात. बॅटरी वापरानुसार साधारणतः ८ ते १२ वर्षे टिकते. ती संपत आली की यंत्र बदलतात. तारा ठीक असल्या तर त्याच ठेवितात.

यंत्र सदासर्वदा ठोके देत राहते, हा समज खरा नाही. १९६० नंतरच्या दशकातच असे पेसमेकर निघाले की, ते हृदयाचा ठोका ऐकतात आणि तो वेळेवर आला तर स्वस्थ बसतात. न आला तरच आपला ठोका देतात. पुढे दोन तारांचे यंत्र आले. त्यातील एक तार अलिंदात, दुसरी निलयात असते. वरचा कप्पा हलला की योग्य विलंबाने खालच्यास आज्ञा जाते आणि निसर्गाचा क्रम राखला जातो. एकाच तारेच्या यंत्रात निलय यंत्राच्या तालाने व अलिंद आपल्या तालाने चालतात. काही रोग्यांत मग अलिंद मिटलेल्या झडपेवर धडकते, रक्त मागे उसळते व मान धडधडणे, थकवा, भोवळ असा त्रास होतो. आणखी एक सोय म्हणजे, माणूस जिना चढू लागला की शरीराची हालचाल ओळखून ठोक्यांचा वेग वाढविणारी यंत्रेही आहेत.

उपद्रव मुळीच होत नाहीत असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत तार जागेवरून सरकते, खिशात रक्त साचते, क्वचित फुप्फुसाला टोच लागते. जंतुसंसर्ग झाला तर सारे यंत्र तारांसह काढावे लागते. म्हणून त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्यावर उचलू नये. जखम लाल झाली, सुजली वा पाझरू लागली तर घरगुती लेप लावीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

उसन्या तालाची किंमत

ज्याची वाट पुरती तुटली आहे, त्याला पेसमेकर म्हणजे जीवदान होय. ह्याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. परंतु ह्या जीवदानाला एक सूक्ष्म किंमत आहे, आणि ती वैद्यकशास्त्राला उमगण्यास बराच काळ लागला.

निलयाच्या टोकाशी रुतविलेली तार ठोका देते तेव्हा विजेची लहर निसर्गाच्या राजमार्गाने जात नाही. पुर्किंजे तंतूंचे वेगवान जाळे बाजूस राहते आणि लहर स्नायूतून पेशीपेशीने वाट काढीत जाते. उजव्या निलयाची बाजू आधी आकुंचन पावते आणि डाव्या निलयाची दूरची भिंत मागाहून. वल्हेकऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी व निम्म्यांनी नंतर वल्हे मारावे, तसे होते. श्रम तेवढेच पडतात, पण नौका कमी सरकते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ कार्ल विगर्स ह्यांनी अशा कृत्रिम ठोक्याचे आकुंचन मंद व दुबळे असते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत १९२५ सालीच दाखविले होते. पेसमेकरने प्राण वाचू लागल्यावर मात्र ही गोष्ट दीर्घकाळ मागे पडली.

२००२ साली ‘डेव्हिड’ ह्या नावाने ओळखली जाणारी एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ५०६ रोगी होते. त्यांची हृदये दुर्बल होती व त्यांना घातक अनियमित ठोके थांबविणारे यंत्र बसवायचे होते; परंतु नाडी मंद असल्याची त्यांची तक्रार नव्हती. निम्म्यांचे यंत्र फक्त आधारास, मिनिटाला ४० ठोक्यांवर ठेविले. उरलेल्यांचे दोन तारांचे यंत्र ७० वर लाविले, म्हणजे त्यांच्या निलयास वारंवार कृत्रिम ठोका मिळे. एका वर्षाअखेर मृत्यू व हृदयदुर्बलतेमुळे रुग्णालयात जाणे ह्या दोन्हींपासून सुरक्षित राहिलेले रोगी पहिल्या गटात सुमारे ८४ टक्के होते, तर दुसऱ्यात ७३ टक्के. पुढच्याच वर्षी आणखी एका मोठ्या पाहणीच्या आकड्यांतून असे दिसले की, दोन तारांचे यंत्र असलेल्या ज्या रोग्यांच्या निलयाला ४० टक्क्यांहून अधिक ठोके यंत्राचे मिळत, त्यांना हृदयदुर्बलतेने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका अडीच पटींहून अधिक होता. जे यंत्र मंद हृदयाला तारते, तेच गरज नसता राबविले तर हृदयाला थकविते, हा ह्याचा अर्थ.

वाचकांनी ह्यावरून घाबरून जाऊ नये. निलयास सतत ठोके मिळणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हृदय वर्षानुवर्षे ठीक चालते. काहींचेच दुर्बल होते. पण ते काही कोण, हे आधी नेमके सांगता येत नाही. म्हणून पेसमेकर बसला की काम संपले असे मानणे चुकीचे आहे. पायांवर सूज, रात्री उशी उंच करून निजावे लागणे, थोड्या श्रमाने धाप, अशी चिन्हे दिसली तर ‘यंत्र आहे ना!’ म्हणून दुर्लक्ष करू नये. हृदयाचा एको काढून निलयाची शक्ती तपासून घ्यावी.

उपाय कोणते?

पहिला उपाय साधा आहे. ज्याची वाट अधूनमधूनच तुटते, त्याच्या यंत्राची मांडणी अशी करावी की, हृदयाला आपला ठोका देण्यास पुरेशी सवड मिळेल. हे बाहेरून, शरीराला न शिवता, छातीवर यंत्राचे वाचक धरून करता येते.

दुसरा उपाय दोन्ही निलयांना एकदम ठोका देण्याचा. १९९४ च्या सुमारास फ्रान्समधील डॉक्टरांनी ह्याचा पाया घातला. हृदयाच्या मागील बाजूच्या शिरेतून एक जादा तार डाव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवर नेतात, आणि मग दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर-एचएफ’ ह्या पाहणीत, ज्यांच्या दुर्बल हृदयातील एकोपा मोडला होता अशा ८१३ रोग्यांचा समावेश होता. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के त्या काळात मरण पावले. औषधांबरोबर हे यंत्र लाभलेल्यांपैकी २० टक्के.

तिसरा उपाय आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. निसर्गाचा राजमार्ग पुढे शाबूत असेल तर तार थेट त्यावरच का नेऊ नये? २००० साली अमेरिकेत प्रमोद देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिसच्या जुडीलाच कायमचा ठोका देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. देशमुख हे आडनाव आपल्या वाचकांस परके नाही. १८ रोग्यांवर प्रयत्न करून १२ जणांत त्यांना कायमचे यश आले. जुडी फार बारीक असल्याने तिचा वेध कठीण. २०१७ साली चीनमधील वेंझोऊ येथील वैजियान हुआंग ह्यांनी मधल्या पडद्यातून तार खोल नेऊन डाव्या शाखेपाशी ठोका देण्याची रीत वर्णिली. ती तुलनेने सोपी असल्याने लवकरच जगभर पसरली. हिला किती रोगी योग्य, तिचे दीर्घकालीन फळ कसे, ह्याचा अभ्यास चालू आहे.

चौथी युक्ती बिनतारी यंत्राची. मोठ्या कॅप्सूलएवढे, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे यंत्र जांघेतील शिरेतून नेऊन उजव्या निलयातच ठेवितात. अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. छातीवर खिसा नाही व शिरेत तार नाही, म्हणून त्या दोहोंचे उपद्रव टळतात. पण ठोका तोही निलयाच्या स्नायूलाच देतो, हे विसरू नये.

ह्यांपैकी कोणता उपाय आपल्या माणसास योग्य, हे डॉक्टरच ठरवतील. परंतु कुटुंबीयांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. निलयाला सतत ठोके लागतील की अधूनमधून? डाव्या निलयाची शक्ती आज किती आहे? एक तार सुचविता की दोन, आणि का? केवळ स्वस्त म्हणून एक तार किंवा केवळ महाग म्हणून अधिक तारा, असे दोन्हीकडून होऊ नये.

घरी पाळावयाच्या गोष्टी

यंत्राचे ओळखपत्र सदैव जवळ असावे. नेमून दिलेल्या वेळी तपासणी चुकवू नये. बॅटरी किती उरली व निलयास किती टक्के ठोके यंत्राचे, हे दोन आकडे वहीत टिपून ठेवावेत. मोबाइल सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर असावा व उजव्या कानाला लावावा. यंत्र उजवीकडे असल्यास ह्याच्या उलट करावे. मिक्सर, शीतकपाट, दूरदर्शन ह्यांची भीती नाही. इंडक्शन शेगडीपासून मात्र दोन फूट अंतर राखावे. विजेच्या वेल्डिंगचे काम डॉक्टरांस विचारल्याशिवाय करू नये. एमआरआय काढण्यापूर्वी यंत्र असल्याचे आवर्जून सांगावे. सर्वच यंत्रे त्यास योग्य नसतात.

पुष्कळांच्या मनात एक भीती असते, ती उघड बोलली जात नाही: अंतकाळी हे यंत्र माणसाला मरू देणार नाही काय? यंत्र केवळ ठोक्याची आज्ञा देते. शरीर थकून हृदयाचा स्नायूच प्रतिसाद देईनासा झाला, की त्या आज्ञेला अर्थ उरत नाही. पेसमेकर मरणाची वाट अडवीत नाही.

मरणानंतरचीही एक गोष्ट कुटुंबाने जाणावी. देहाचे दहन करावयाचे असेल तर यंत्र आधी काढावेच लागते, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. दफन करताना ते देहासह मातीत जाते, आणि कित्येकदा त्यात अजून अनेक वर्षांची शक्ती शिल्लक असते. अमेरिकेतील मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने काढलेले पेसमेकर तपासून व निर्जंतुक करून मुंबईत वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रोग्यांना बसविण्यात आले. त्याचा वृत्तान्त २०१२ साली अमेरिकेतील हृदयरोगांच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आला, आणि यंत्रांनी दगा दिल्याचे वा जंतुसंसर्ग झाल्याचे त्यात आढळले नाही. २०२० साली कॅनडातील डॉक्टरांनी अशाच रीतीने गरीब देशांतील १,०५१ रोग्यांना दिलेल्या यंत्रांचा हिशेब मांडला; दोन वर्षांत संसर्ग झाला तो २ टक्क्यांस, आणि नवी यंत्रे बसविलेल्यांशी तुलना करता फरक निर्णायक ठरला नाही. ह्याविषयीचे नियम देशपरत्वे निरनिराळे आहेत. म्हणून कोणी परस्पर यंत्र देऊ वा घेऊ नये. आपल्या रुग्णालयातच विचारणा करावी.

मात्र ही विचारणा दुःखाच्या घाईत होत नाही. ज्यांच्या घरी पेसमेकर असलेले वडीलधारे माणूस आहे, त्यांनी ते माणूस हिंडतेफिरते असतानाच त्याला विचारावे, आणि त्याची इच्छा यंत्राच्या ओळखपत्राबरोबर लिहून ठेवावी. पैशाअभावी नाडी मंदावत चाललेला कोणी तरी कोठे तरी त्या यंत्राची वाट पाहत असेल.